शेवटच्या खुर्चीवरचं भाषांतर

बाबांचा वर्ग दंतवैद्याच्या दवाखान्याच्या बरोबर वर भरायचा. खालून यंत्राची बारीक गुणगुण सुरू झाली की वर क्रियापदं चालवणारे विद्यार्थी नकळत जबडा आवळायचे. खोलीला एकच खिडकी. तिच्यातून समोरच्या इमारतीचा जिना आणि त्यावर वाळत टाकलेली पायपुसणी दिसायची. लिहायला फळी असलेल्या लाकडी खुर्च्या, भिंतीवर काळा फळा. संस्थेच्या बाकीच्या खोल्यांत आता रंगीत बैठका आल्या होत्या. तिथे परकी भाषा गाणी म्हणून, खोटी दुकानं मांडून शिकवत, आणि तोंडातून मातृभाषेचा शब्द निसटला की सगळ्यांसमोर नाचायला लावत. बाबांच्या खोलीत कधी कुणी नाचलं नाही. तिथे आधी नियम, मग शब्द पाठ, मग वाक्यं: इकडून तिकडे आणि तिकडून इकडे.

संस्थेत त्यांच्या पाठीमागे त्यांना 'व्याकरण' म्हणत. 'व्याकरण आलं का?' 'व्याकरण चहा पितंय.' बाबांना ते ठाऊक होतं. "नपुंसकलिंगी करून टाकलंय मला," एवढीच त्यांची तक्रार असे.

ते गेले तेव्हा त्यांची शेवटची तुकडी अर्ध्या वाटेवर होती. ती भाषा मी त्यांच्याकडूनच शिकले, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, भाजी निवडता निवडता. आता एका प्रकाशनगृहात दुसऱ्यांची भाषांतरं तपासते. दुपारनंतर मोकळी असते. तुकडी मी पूर्ण करते, असं संचालकांना सांगायला गेले.

"कशाला त्रास घेता मॅडम?" ते म्हणाले. "त्या चौघांना आम्ही नव्या वर्गात सामावून घेतो. सर होते तोवर ठीक होतं. आता ती पद्धत कोण वापरतं? मूल आईकडून व्याकरण शिकतं का?"

"मूल पाच वर्षं घेतं, आणि तोवर त्याला कुणीतरी भरवतं," मी म्हटलं. "तुम्ही भरवणार आहात का?"

संचालक हसले. काही दिवस चालवून बघा, मग मी येऊन बसतो आणि ठरवतो, म्हणाले. त्यांनी ठरवलेलंच होतं. मीही.

चौघंही मोठ्या वयाची होती. नर्सताईंना ती भाषा बोलणाऱ्या देशातल्या वृद्धाश्रमात नोकरी मिळायची होती, त्यासाठी परीक्षा होती. निवृत्त पोस्टमास्तरांची नात तिकडेच जन्मलेली, तिला आजोबांची भाषा येत नव्हती. नातीशी एकदा नीट भांडता यावं एवढीच त्यांची इच्छा. एक ड्रायव्हर, सतत बोलणारा. आणि शेवटच्या खुर्चीवर एक वेल्डर, जो विचारल्याशिवाय तोंड उघडत नसे.

वर्गाच्या शेवटी फेरी व्हायची. ही बाबांची रीत. शिक्षकाने मराठीत एक वाक्य द्यायचं. पहिल्याने ते परक्या भाषेत सांगायचं. दुसऱ्याने ते ऐकून पुन्हा मराठीत आणायचं, तिसऱ्याने परत तिकडे न्यायचं, चौथ्याने परत आणायचं. निघालेलं वाक्य जसंच्या तसं घरी आलं तर फेरी साधली. वाक्यं जुन्या पाठ्यपुस्तकांतली असावीत तशी, कुणाच्याच आयुष्यात न घडलेली.

"माळ्याच्या बहिणीकडे दोन छत्र्या आहेत," मी म्हणायची.

"बाई, तिकडे गेल्यावर मी या बहिणीला शोधू का?" ड्रायव्हर विचारायचा. "हिच्याकडे छत्र्या आहेत, टोप्या आहेत, काकांचा चाकूही हिच्याकडेच. बाई साधी नाही ही."

"आधी क्रियापद शोधा. बहीण पळून जात नाही," पोस्टमास्तर म्हणायचे.

एका संध्याकाळी मी वाक्य दिलं: न्हाव्याने आरसा पुसला.

नर्सताई बोलल्या, पोस्टमास्तर बोलले, ड्रायव्हर बोलला. मी प्रत्येकाला मान डोलावली. शेवटी वेल्डर म्हणाला, "खिडकीजवळच्या कपाटाची किल्ली चहाच्या डब्यात आहे."

कुणी हसलं नाही. सगळे वह्या मिटत होते.

"काय म्हणालात?"

त्याने वाक्य पुन्हा म्हटलं. "चुकलं का बाई?"

"मी न्हावी म्हटलं होतं."

"हो," नर्सताई म्हणाल्या. "न्हावीच. बरोबर आलं की."

त्या किल्लीसाठी मी बाबा गेल्यापासून अख्खं घर पालथं घातलं होतं. वेल्डर आमच्या घरी कधी आलेला नव्हता. मी घरी गेले, डबा उघडला आणि चहाच्या पावडरीत बोटं घातली. किल्ली तळाशी होती.

माझा धंदाच शंका घेण्याचा. दुसऱ्या दिवशी फेरी मी फळ्यावर लिहून घेतली. वाक्य दिलं: व्यापाऱ्याकडे काळे घोडे आहेत. त्याखाली चौघांची चार वाक्यं, एकाखाली एक. शेवटची ओळ अशी आली: जेवण झाकून ठेवले आहे, मुलगी अजून आली नाही.

सगळे गेल्यावर मी खडू हातात घेऊन फळ्यासमोर उभी राहिले. दुसरी ओळ पहिलीचं बिनचूक भाषांतर होती. तिसरी दुसरीचं, चौथी तिसरीचं, पाचवी चौथीचं. कुठल्याही दोन ओळींच्या मध्ये बोट ठेवायला जागा नव्हती. तरी वर घोडे होते आणि खाली झाकलेलं जेवण. प्रत्येक पायरीवर पाय नीट पडावा आणि जिना उतरल्यावर आपण भलत्याच घरात असावं, तसं.

मला कामावरून उशीर झाला की बाबा ताटावर ताट ठेवून झाकायचे. जागे असायचे, पण झोपल्याचं सोंग करायचे.

मी घाबरले नाही. खरं सांगायचं तर मला राग आला. बाबा, इतकं बोलायचं होतं तर शेवटी इस्पितळात डोळे मिटून का पडून राहिलात?

त्यानंतर रोज एखादं वाक्य यायचं. कोरडं, जुन्या पुस्तकातलं वाटावं असं. खिडकी उघडी आहे पण कोणी आत येत नाही. म्हातारा दोन कप मांडतो. बोलणारे बोलून मोकळे व्हायचे, त्यांना काहीच खटकायचं नाही. मी मात्र दुपारी कार्यालयात घड्याळाकडे बघायला लागले. ही खोली माझ्याकडून कुणी काढून घेऊ शकणार नव्हतं. आता तर नाहीच.

संचालक आले ते वेल्डर गैरहजर असलेल्या दिवशी. त्याच्याच खुर्चीवर ते पायावर पाय टाकून बसले. नियम झाले, शब्द झाले. त्यांनी दोनदा जांभई दिली आणि ती लपवली नाही.

"छान," ते मध्येच म्हणाले. "पण मॅडम, यांना एकदा स्पष्ट सांगून टाका ना. सर गेले. त्यांचा वर्ग त्यांच्याबरोबर गेला. तुम्ही म्हणत नाही म्हणून ते खोटं होतं का?"

नर्सताई खाली बघायला लागल्या. ड्रायव्हर वहीची पानं चाळू लागला.

संचालकांचं एक खरं होतं. ते वाक्य मी अजून कुणापाशी उच्चारलं नव्हतं. फोनवर 'बाबांचं कळलं ना?' एवढंच म्हणायची आणि पुढचं समोरच्यावर सोडायची.

"फेरी घेऊ," मी म्हटलं. "तुम्हीही आहात त्यात. शेवटची खुर्ची."

"घ्या की. भाषा येते मला."

मी फळ्याकडे पाठ केली.

"माझे वडील वारले."

नर्सताईंनी ते वाक्य परक्या भाषेत नेलं. त्यांचा आवाज थरथरला, पण प्रत्यय बरोबर होता.

पोस्टमास्तरांनी ते परत आणलं. ड्रायव्हरने ते पुन्हा पलीकडे नेलं, हळू, एकेक शब्द जपून.

खालचं यंत्र थांबलं होतं.

संचालकांनी पायावरचा पाय खाली घेतला.

"माझी मुलगी वारली," ते म्हणाले.

त्यांना मुलगी नव्हती. दोन मुलगे होते, त्यांच्या तसबिरी त्यांच्या टेबलावर मी पाहिल्या होत्या.

बाबांच्या बाजूने, पलीकडून पाहिलं तर तसंच दिसत असेल. जाणारा कोण आणि राहणारा कोण, हे कुठे उभं राहून बघता त्यावर. हे मला तिथल्या तिथे कळलं, आणि तिथल्या तिथे मी ते नाकारलं. चुकीचं वाक्य फळ्यावर रात्रभर राहू द्यायचं नाही, हे मला बाबांनीच शिकवलं होतं.

"चूक," मी म्हटलं. "पुन्हा."

वर्ग बंद करायला आलेला माणूस शहाण्या विद्यार्थ्यासारखा ताठ बसला.

फेरी पुन्हा झाली.

"माझी मुलगी वारली."

"चूक. मी इथे उभी आहे. पुन्हा."

"माझी मुलगी वारली. ती ऐकत नाही."

"तुमचीच आहे," मी म्हटलं. "पुन्हा."

अंधार पडायला लागला तेव्हा पोस्टमास्तर खोकले आणि मी वर्ग सोडला. संचालकांनी खुर्ची सरळ केली. बंद करण्याचा विषय निघाला नाही. दाराशी ते घुटमळले, एखाद्याच्या घरी भेटायला गेलेला माणूस निघताना घुटमळतो तसे.

"सरांकडे लक्ष द्या," ते हळूच म्हणाले. "फार एकटे पडलेत."

आणि जिना उतरून गेले.

वर्ग चालू आहे. नर्सताई परीक्षा पास झाल्या आणि गेल्या, त्यांच्या जागी एक शिंपीणकाकू आल्या. रंगीत बैठकांना कंटाळलेले आणखी काही आले. शेवटच्या खुर्चीवर कुणीही बसो. रोज फेरीला मी तेच वाक्य देते, रोज ते उलटून येतं, आणि रोज मी 'चूक' म्हणते. जिवंत माणसाला मेलेलं म्हणणं ही चूकच आहे, मग ती बापाने केलेली का असेना. त्यांचा हट्ट मोठा की माझा, ते बघायचंच आहे मला.

काल वाक्य पुन्हा एकदा वाढून आलं. वेल्डर म्हणाला, "माझी मुलगी वारली. तिच्या खोलीत आता दुसरी मुलगी राहते."

मी 'चूक' म्हटलं. आवाज चढला असावा, कारण शिंपीणकाकूंनी माझ्याकडे पाण्याची बाटली सरकवली.

घरी आले तेव्हा घरात दिवा लागलेला होता. बाबांनंतर मी एकटीच राहते. कुलूप माझ्याच किल्लीने उघडलं. माझ्या खोलीच्या दाराशी चपलांचा एक जोड काढून ठेवला होता, टाचा माझ्याकडे, माझ्यापेक्षा लहान मापाचा.

मी त्या चपला उचलल्या, बाहेर जिन्यात नेऊन ठेवल्या आणि घराच्या दाराला आतून कडी घातली.

चपला आतून अजून उबदार होत्या.