एलोजी नाइकांची शीव

पहाट फुटली तेव्हा शंखदुर्गाच्या तटाला भरतीचं पाणी लागलं होतं, आणि पैलतीरावरच्या एका पडीक जागेभोवती सारा गाव लोटला होता.

जागा आरमारातल्या एलोजी नाइकांची. बुडतं गलबत माणसांसकट वाचवलं, म्हणून आरमाराकडून इनाम मिळालेली. तिथं त्यांना आपल्या देवाचं प्रार्थनाघर बांधायचं होतं. ते बेने इस्रायल, कोकणातले यहुदी. शनिवार हा त्यांच्या धर्मात विसाव्याचा वार; त्या दिवशी तेलाचा घाणा बंद ठेवतात म्हणून लोक त्या साऱ्या जमातीला शनवार तेली म्हणत. त्यांच्या हातचं तेल गावाला चाले, देव मात्र चालेना! खोत त्रिंबकराव गर्जले, "जागा गावाची आहे." इनाम देणारे सरदार तर केव्हाच वारले होते.

किल्लेदार रायाजीराव सुर्व्यांनी जुन्या रिवाजाने निवाडा दिला: नाइकांनी त्या मातीचं ढेकूळ मस्तकी घेऊन जागेची शीव, सारी हद्द, चालावी, नेमल्या दिवशी माघार घेतली तर दावा खोटा. नाइकांवर त्यांची माया, म्हणून जोशीबुवांकडून उत्तमातला उत्तम दिवस काढून घेतला. तो नेमका शनिवार! भल्या माणसाच्या ध्यानातच आलं नाही. आणि नाईक समुद्रातल्या गस्तीवरून परतले ते त्याच पहाटे.

ढेकूळ समोर आलं. नाइकांनी हात जोडले.

"सरकार, आज आम्हाला ओझं उचलता येत नाही. उद्या चालतो."

खोत हसले. "शनिवारी तलवार बरी उचलता, नाईक?"

"जीव वाचवायला सारं माफ आहे, खोतसाहेब. जमीन म्हणजे जीव नव्हे."

रायाजीराव कळवळले. "नाईक, एवढी एक फेरी. देव समजून घेईल."

"ज्याचं घर बांधायचं, त्याचाच शब्द पायाखाली घालू, सरकार?"

किल्लेदारांनी दिवस बदलायचं नुसतं नाव काढलं, तोच गर्दी उसळली. रिवाज मोडला तर गडावर एक होडी येणार नाही, खोतांनी बजावलं. गडाचं धान्य त्यांच्याच होड्यांतून येई. बाहेर शत्रू, आत तीनशे पोटं! चूक आपली, शिक्षा दुसऱ्याला, हे धडधडीत दिसत असताना रायाजीरावांनी मान खाली घालून जागा गावाला दिली. असला लाजिरवाणा निवाडा त्यांनी हयातीत केला नव्हता.

सांज झाली, विसाव्याचा वार सुटला. नाईक होडी वल्हवत गडावर आले आणि पहाऱ्यावर उभे राहिले.

"आज राहू द्या, नाईक," रायाजीराव म्हणाले.

"कसं राहू द्यावं, सरकार? खोतांच्या होड्या धान्य घेऊन यायच्या आहेत. वाटेत शत्रूनं गाठल्या तर?"

 रायाजीराव पाठ फिरवून निघून गेले.