शाळेचा साला

"माझी नोकरी चाललीय, आणि ते पत्र मी लिहिलेलंच नाही!" क्षिप्रा दारातूनच म्हणाली.

कल्पिता भोईर डोंबिवलीत मानपाडा रोडला खाजगी तपासाचं ऑफिस चालवायची. सोबतीला तिचे मामा सहदेवराव, रिटायर्ड तलाठी. मामा माणूस सोन्यासारखा, पण डोकं चालायला जरा वेळ लागायचा. कल्पिताला कशालाच वेळ लागायचा नाही, रागालासुद्धा.

"बस आधी. कसलं पत्र?"

क्षिप्रा खडवलीची. आई वर्षभर अंथरुणावर, म्हणून ती आठ महिन्यांपासून घरून काम करायची. ठाण्यात हरिहर सबनीस शाळांसाठी मराठी पुस्तकं तयार करायचे, आणि क्षिप्रा त्यांची मुद्रितं तपासायची. ऑफिसातला कॉम्प्युटर घरी बसून ब्राउझरमधून चालवायचा, अशी पद्धत. मंगळवारी त्याच कॉम्प्युटरवरून, तिच्याच नावाने एका मोठ्या शाळेला मेल गेला. 'तुमच्या शाळेत शिक्षक आहेत की गाढवं? भाषेचा गंध नाही आणि आमच्या चुका काढता!' असे चांगले दीडशे शब्द. शाळेने काम काढून घेतलं, आणि हरिहरांनी सोमवारपर्यंत राजीनामा मागितला.

"घरून काम दुसरं कोण देणार मला? आणि आईला कुणावर टाकू? आजसुद्धा शेजारच्या रखमाबाईंना बसवून आलेय."

"मेल गेला तेव्हा तू काय करत होतीस?"

"वाट बघत होते! अकरा पस्तीसला स्क्रीन गोठली. रोज दहा वेळा गोठते. तीन मिनिटांनी आली परत. ही ऑफिसातली नोंद बघा. नवा मेल उघडला अकरा छत्तीसला, गेला अकरा छत्तीसलाच."

मग तिने कल्पिताच्या लॅपटॉपवर ब्राउझर उघडला आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एक शब्द टाइप केला. पडद्यावर आलं, 'साला'.

"अगं, शिव्या काय देतेस?" मामा दचकले.

"शिवी नाही हो, 'शाळा' लिहिलं मी! आपल्या मराठी कीबोर्डवर श आणि ळ शिफ्ट दाबून येतात. या भिकारड्या ब्राउझरमधून शिफ्ट पोचतच नाही. श चा स होतो, ळ चा ल." तिने 'आई' लिहिलं. नुसता काना आणि वेलांटी लटकत राहिली.

"मग आठ महिने काम कसं केलंस?"

"पडद्यावर कीबोर्ड उघडायचा आणि माऊसने एकेक अक्षर टिचकवायचं. एका पानाला अर्धा दिवस. घरी लिहून तिकडे पेस्ट करावं, तर पेस्ट बंद. सुरक्षा म्हणे! ऑफिसचा लॅपटॉप द्या, नाहीतर साधं अ‍ॅप टाका, म्हणून सरांकडे सव्वीस तक्रारी केल्या. कुत्रं विचारत नाही."

"चला ठाण्याला," कल्पिता म्हणाली.

ठाण्याच्या ऑफिसात हरिहर थंडपणे म्हणाले, "पत्र तिच्या नावाने गेलं आहे. मी आणखी काय बघायचं?"

"तिच्या तक्रारी वाचल्यात?"

"तांत्रिक बाबी सुशांत बघतो. ही व्यवस्था त्यानेच आणली. ठेवायची की काढायची, यावर बुधवारी बैठक होती. त्याआधीच हे झालं, म्हणून रद्द केली."

शेजारच्या टेबलावर प्राची होती. "क्षिप्राच्या मशीनला कीबोर्डच नाहीये," ती म्हणाली. "माझा मार्चमध्ये बिघडलेला, तेव्हा तिचा मला दिला. नुसता माऊस आहे."

"पेन ड्राइव्ह, दुसरा कीबोर्ड, काही लावता येतं?"

"छे! ती सगळी भोकं सुशांतने सील करून टाकलीयेत. त्या दिवशी तो नव्हताच, आंबिवलीला घरी होता."

सुशांत हसतच आला. "टूल एकदम मक्खन आहे मॅडम. हिलाच टायपिंग जमत नाही. नाचता येईना अंगण वाकडं!"

"आणि पेस्ट?"

"सगळ्यांना बंद. मलापण. रूल म्हणजे रूल. थांबा, दाखवतोच."

त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर काहीतरी खुडबुड केली, ब्राउझर पुढे आणला आणि डाव्या हाताची दोन बोटं आपटली. क्षिप्राच्या मशीनवर वाक्य उमटलं, 'आमच्या शाळेत मराठी भाषा शिकवली जाते.'

"बघा! ळ आला, भ आला!"

"वा! चालतंय की," मामा म्हणाले. क्षिप्राचा चेहरा पडला.

"मामा, गप्प बसा," कल्पिताने दात आवळले. तिने सगळ्यांना हरिहरांच्या केबिनमध्ये नेलं.

"दीडशे शब्द एका मिनिटात कुणी टाइप करत नाही. माऊसने तर दुपार उलटली असती. म्हणजे ते पत्र आधीच तयार होतं. ते नुसतं पेस्ट केलं."

"इथे बसून कुणी केलं असेल," सुशांत म्हणाला.

"कसं? मशीनला कीबोर्ड नाही, भोकं तू बंद केलेली. पत्र आणणार कुठून? ते बाहेरून, ब्राउझरमधूनच आलं. क्षिप्राला पेस्ट बंद आहे."

"मलापण बंद आहे!"

"मग मघाशी काय केलंस? निदान पस्तीस-छत्तीस कळा दाबायला हव्या होत्या. तू दोन दाबल्यास. अख्खं वाक्य एकदम आलं. टूल चांगलं आहे हे दाखवायच्या हौसेपायी तू पेस्ट करून दाखवलंस, माझ्या डोळ्यांदेखत! मंगळवारीही आंबिवलीहून तेच केलंस. आधी तिची जोडणी तोडलीस, म्हणजे तिला काही दिसायला नको."

सुशांतचा आवाज चढला. "सव्वीस तक्रारी! बुधवारी सगळ्यांसमोर माझी लायकी काढणार होती ती!"

"लायकी तू स्वतःच काढलीस, मेल्या!" मामा कडाडले. कल्पितानेसुद्धा त्यांच्याकडे वळून पाहिलं.

हरिहरांनी सुशांतला बाहेर काढलं. मग घसा खाकरून म्हणाले, "क्षिप्रा, राजीनाम्याचं विसर. उद्यापासून लॅपटॉप घरी ने. झालं गेलं गंगेला मिळालं."

"नाही मिळालं, सर." क्षिप्रा त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "सव्वीस खरी पत्रं लिहिली मी तुम्हाला. एकही उघडलं नाहीत. एक खोटं आलं, ते मात्र लगेच वाचलंत, आणि लगेच खरं मानलंत."

तिने टेबलावरचा फोन त्यांच्यापुढे सरकवला.

"शाळेला फोन लावा. आत्ता, माझ्यासमोर."

त्यांनी लावला. पलीकडून मुख्याध्यापिका काहीतरी तावातावाने बोलत होत्या. हरिहरांनी ते सगळं ऐकून घेतलं.

"बाई, ते पत्र तिचं नव्हतं," ते शेवटी म्हणाले. "आणि न विचारता तिच्यावर ढकललं, ते मी."