तिसरा डाग

ठेवा ती गिटार, त्या फडक्यावर. पट्टा काढून घ्या, त्याची कडी लागते. हं, आता दिसलं. कडेला दोन टवके आणि मागे एक ओरखडा. काढून देतो, त्यात काही अवघड नाही. पण आधी हा बटरपेपर वर अंथरायचा, प्रत्येक डाग पेन्सिलीने जसाच्या तसा गिरवायचा आणि खाली तुमची सही. तुम्हाला हे नसते चोचले वाटतील. सगळ्यांनाच वाटतात. मागच्या आठवड्यात एक जण म्हणाला, "काका, डाग घालवायला आलोय, त्याचं चित्र काढून घरी लावू का?" मी हसलो, पण सही घेतल्याशिवाय हात लावला नाही.

बसा ना. चहा येतोय. तोवर सांगतो, म्हणजे मला वेडा समजून तुम्ही दुसरीकडे जाणार नाही. किंवा जाल, तुमची मर्जी.

तीस वर्षं मी हेच करतोय. लाकडावरचे पोचे भरायचे, लॅकरवरचे, म्हणजे वरच्या चकाकत्या लेपावरचे, ओरखडे घासून काढायचे, वस्तू दुकानातून नुकतीच आल्यासारखी करून द्यायची. डाग गिरवून घ्यायची सवय धंद्याने लावली. काम झालं की गिऱ्हाईक हमखास म्हणतं, हा डाग आधी नव्हता, तुम्हीच पाडलात. कागद समोर धरला की तोंड बंद. तीस वर्षांत ही सवय मी एकदाच मोडली. घरचं काम होतं म्हणून. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा.

माझ्या मुलीने बेस गिटार विकत घेतली होती. तेव्हा बावीस वर्षांची होती ती, दातांच्या एका डॉक्टरांकडे सकाळचं काउंटर सांभाळायची आणि तीनच्या सुमारास घरी यायची. अजूनही तेच करते. शाळेत असल्यापासून बेस वाजवायची. मी चिडवायचो, याला गाणं नाही, नुसती धडधड. तिच्या आईला मात्र तीच आवडायची. ही इथे या खोलीत वाजवायची आणि ती पलीकडे स्वयंपाकघरात भिंतीला तळहात लावून उभी राहायची. म्हणायची, ऐकू येण्याआधी हाताला कळतं.

मग एका सकाळी तिची आई गेली. काही आजार नाही, काही नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मुलगी तिथल्या फरशीवर बसली आणि तिने जो आवाज काढला... तो मी तुम्हाला सांगणार नाही. घरी आल्यावर तिने जुनी बेस एका मैत्रिणीला देऊन टाकली. दोन वर्षं या घरात तार वाजली नाही. त्यामुळे त्या गुरुवारी ती पाठीला नवी बेस लावून दारात उभी राहिली, तेव्हा मला काय वाटलं असेल ते बघा. दहा दिवसांनी एका छोट्या बँडबरोबर पहिला कार्यक्रम होता.

"डाग आहेत जरा," ती म्हणाली. "दुकानदार म्हणाला पेटीबंद आहे, कोणी हातसुद्धा लावलेला नाही. मग म्हणाला, दुसरी घ्या. पण मला हीच हवी होती."

"का गं?"

"काय माहीत. हातात घेतली आणि वाटलं, ही माझीच आहे."

मी ती उजेडात धरली. खालच्या कडेला चंद्रकोरीसारखा पोचा होता. पुढे, जिथे उजवा हात टेकतो तिथे, बोटभर लांबीचा तिरका ओरखडा. आणि मागे, वाजवताना छातीशी येतो त्या भागात, लॅकरच्या आत पांढरट मळभ. दमट हवेत फवारा मारला की लॅकर असं पांढरं पडतं. कारखान्यातला आळशीपणा, दुसरं काही नाही.

"असू द्या बाबा," ती म्हणाली. "वाजवायला काय, आवाज चांगला आहे."

तिने असं म्हटल्यावर मी ऐकायला हवं होतं. पण मला स्वस्थ बसवेना. दोन वर्षांनी मुलगी वाजवायला उभी राहणार आणि तिच्या हातात डागाळलेली वस्तू? तेही माझी मुलगी असून? रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर करत होतो. शुक्रवारी ती कामावर गेली आणि मी बेस याच टेबलावर घेतली.

आधी मळभ काढलं, कारण ते सगळ्यात सोपं. थिनरचा हलका फवारा मारायचा, लॅकर वरून विरघळतं, आत अडकलेला दमटपणा निघून जातो. पाच मिनिटांत ते नाहीसं झालं. मी पोचा आणि ओरखडा साफ केला, लॅकरचे थेंब सोडले आणि वाळायला ठेवून दिले.

त्या दुपारी ती गुणगुणतच घरात आली. दोन वर्षांत पहिल्यांदा. तिने चहा केला आणि तीन कप भरले. मला चटका बसला. सुरुवातीच्या महिन्यांत माझ्याही हातून तिसरा कप भरला जायचा. कप विसळायला उचलले तर तिसरा हलका लागला. तिनेच प्यायला असेल, म्हटलं, आणि सोडून दिलं.

सोमवारी पोचा भरून वर आला होता. साबणाच्या पाण्यात बारीक पॉलिशपेपर बुडवून मी तो घासला, पातळीत आणला, चमकवला. डोळे मिटून अंगठा फिरवला. काही लागलं नाही. मी खूश झालो. मंगळवारी ओरखडाही तसाच काढला.

मंगळवारी चहा पिताना मुलगी खिडकीसमोर बसली होती. तिच्या हनुवटीवर उजेड पडला होता आणि हनुवटी साफ होती.

पाच वर्षांची असताना ती झोपाळ्यावरून पडली होती. हनुवटीला चार टाके. चंद्रकोरीसारखा व्रण होता तिथे, सतरा वर्षं रोज पाहिलेला.

"तुझा व्रण कुठे गेला गं?"

"कसला व्रण?"

"झोपाळ्यावरून पडली होतीस तो."

ती हसली. "कुठला झोपाळा, बाबा? मी कधी पडले?"

मी तिचा उजवा हात ओढून घेतला. मनगटाच्या वर इस्त्रीचा तिरका डाग होता, बारावीच्या परीक्षेच्या सकाळचा. तिथे नुसती कातडी होती. नितळ, नवी.

"काय झालं बाबा? असं काय बघताय?"

"काही नाही," म्हटलं आणि इथे येऊन बसलो. बसलो कसला, या टेबलापासून त्या दारापर्यंत येरझाऱ्या घालत होतो. मन म्हणत होतं, म्हातारा झालास, नजर गेली. हात म्हणत होते, डाग परत पाडून बघ. मग मी स्क्रूड्रायव्हरची मूठ उचलली. पोचा नेमका कुठे होता, कोणत्या कोनात, ते कागदावर नव्हतं, आठवावं लागलं. अंदाजाने मूठ खालच्या कडेवर हाणली.

आतून रडण्याचा आवाज आला.

ते बावीस वर्षांच्या मुलीचं रडणं नव्हतं. मी धावलो. ती स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली होती, हनुवटीतून रक्ताची धार लागली होती आणि ती बारीक आवाजात म्हणत होती, "बाबा, झोपाळा... झोपाळा थांबला नाही..." तिने दोन्ही हात वर केले, कडेवर घ्या म्हणून. मी एवढ्या मोठ्या मुलीला छातीशी घट्ट धरून बसलो. थोड्या वेळाने रडणं थांबलं. मग तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "ओट्याची कड लागली वाटतं. बाबा, मी लहानपणी झोपाळ्यावरून पडले होते तेव्हाही तुम्ही असंच धरलं होतं ना?"

टाके घालावे लागले. चारच. पण माझा अंदाज थोडा चुकला होता. व्रण आता पूर्वीपेक्षा अर्धा इंच डावीकडे आहे.

त्या रात्री सगळं नीट कळलं. डाग परत पाडला की आठवण परत येते, पण नुसती येत नाही, पहिल्यापासून घडते. इस्त्रीचा ओरखडा मी अजून पाडलेला नाही. हिंमतच होत नाही. आणि मग मला तिसरा डाग आठवला. छातीशी येणारं मळभ. ते तर मी सगळ्यात आधी काढलं होतं, आणि अंगावरचा कुठलाच डाग त्यासरशी गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती समोरच्या भिंतीपाशी उभी होती. तिथे तिच्या आईचा फोटो आहे, दिसतोय ना. म्हणाली, "छान आलाय हो आईचा फोटो. पण एवढा मोठा कशाला केलात?" आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "आई, चहा टाकू का गं?"

जरा थांबली, ऐकल्यासारखं केलं आणि आत गेली.

कार्यक्रम झाला. फार सुंदर वाजवलं तिने, लोक उठून उभे राहिले. आठ महिने झाले त्याला. रोज दुपारी इथे सराव करते. मी पलीकडच्या खोलीत जात नाही त्या वेळी. एकदा गेलो होतो. ओट्याजवळ, माझ्या खांद्याच्या उंचीवर, भिंतीच्या रंगावर एक ओलसर तळहात उमटला होता, आणि तार वाजेल तसा तो गडद होत होता. मी मागच्या पावली परतलो.

तुम्ही म्हणाल, मग ते मळभ परत आणा. आणता येतं. दमट दिवस बघायचा आणि लॅकरचा एक फवारा, अर्ध्या मिनिटाचं काम. आज सकाळपासून हवा कशी आहे बघा, हाताला चिकटतेय. बाटली तिथे भरून ठेवलेली आहे, महिनोन् महिने तशीच. पण ती पुन्हा दवाखान्यातल्यासारखी फरशीवर बसेल, पुन्हा तो आवाज काढेल, जणू आत्ताच कळलंय. कुठला बाप आपल्या हाताने ते करेल? मी स्वतःला हेच सांगतो.

खरं सांगू? ते अर्धंच खरं आहे. मळभ परत आलं तर तिसरा कप बंद होईल. मला ते नकोय.

तिची आई चहाचा शेवटचा घोट कधी प्यायची नाही. कितीही गाळला तरी तळाशी चोथा येतो म्हणायची. मी चिडायचो, एक घोट टाकून देतेस, रोज. पंचवीस वर्षं चिडलो. आता रोज दुपारी तो तिसरा कप उचलून पाहतो. तळाशी एक घोट असतोच.

पावलं वाजतायत. ट्रे घेऊन आलीच ती. तिच्यासमोर यातलं काही बोलू नका, हात जोडतो. तुम्ही पाहुणे आहात, म्हणजे आज चार कप असतील. तुमचा कुठलाही घ्या. फक्त त्या रिकाम्या खुर्चीपुढे जो ठेवेल त्याला हात लावू नका, आणि थोडं इकडे सरकून बसा.

काय म्हणालात? दोन जणांची पावलं?

हो. आज पहिल्यांदाच.