दीड तासाचा पंखा

"माझा नवरा घाईनं मेला नाही," बाई दारातच म्हणाली. "तेवढं सिद्ध करून द्या. दुसरं काही नको."

या खासगी गुप्तहेराला सगळे 'वकील' म्हणत. काळा कोट त्याने जन्मात घातला नव्हता, पण उलटतपासणीची खोड होती. सोबत त्याचा साडू असे. साडूभाऊ प्रत्येक तपासाला हजर असत आणि एकाही तपासात त्यांचा उपयोग होत नसे.

बाईचा नवरा लाकडी खोक्यांच्या कारखान्यात होता. कीड मारायला खोकी एका बंद खोलीत ठेवून विषारी वायू सोडत. मग दीड तास पंखा लावून वायू बाहेर काढायचा. पंखा थांबला की हिरवा दिवा लागे आणि मगच दार उघडायचं. नवरा आत गेला तो तिथेच कोसळला.

"दिवा लागायच्या आधीच घुसला," मॅनेजर म्हणाला. "नियम दीड तासाचा आहे. मरणाची घाई, दुसरं काय! खरं तर पंख्याची वेळ लावायचं नवं यंत्र आल्यापासून तिन्ही पाळ्या मिळून एक खेप जास्तच निघते. घाईची गरजच नव्हती."

मेलेल्या माणसाबद्दल तो नादुरुस्त पंपाबद्दल बोलावं तसा बोलत होता.

त्या दिवशी पंखा लावला होता बाईच्या धाकट्या भावाने. त्याचे डोळे सुजले होते.

"दिवा हिरवा होता, साहेब. मी पाहिला. पण मेहुण्याची साक्ष कोण मानतं? आम्ही सगळे लावतो तसंच मीही एक तीस लावलं होतं."

"सगळेच एक तीस लावतात?"

"मॅनेजर सोडून. स्वतः आत जायचं असलं की ते एक पन्नास लावतात. भित्री भागूबाई! आम्ही हसतो त्यांना."

"आत गेल्यावर त्रास व्हायचा कधी?"

"डोकं धरायचं, डोळे चुरचुरायचे. जुन्या यंत्रावर नव्हतं असं. त्या दिवशी तर खोली खोक्यांनी गच्च भरली होती."

आताही एका खेपेसाठी पंखा चालूच होता. साडूभाऊंनी वाकून यंत्रावरचे आकडे वाचले. "०.८४ दाखवतंय. बराच वेळ आहे अजून. चहा घेऊन येऊ का?"

वकील त्या आकड्यांकडे बघतच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने बाईला, भावाला आणि मॅनेजरला यंत्रासमोर उभं केलं. ०.३० लावून पंखा सुरू केला. साडूभाऊंच्या हातात घड्याळ दिलं.

अठराव्या मिनिटाला पंखा थांबला. हिरवा दिवा लागला.

"घड्याळ बिघडलंय," साडूभाऊ म्हणाले.

"घड्याळ ठणठणीत आहे. काल तुम्हीच ०.८४ वाचलंत. एका तासात मिनिटं साठ, मग चौऱ्याऐंशी आली कुठून? हे यंत्र मिनिटं मोजतच नाही. ते तासाचे शंभर भाग करतं. तीस भाग म्हणजे अठरा मिनिटं. दीड तासाला एक पन्नासच लावावं लागतं. एक तीस लावलं की बारा मिनिटं कमी. दिवा हिरवा, खोलीत वायू शिल्लक."

बाईने डोळे मिटले. "म्हणजे ते दिवा लागल्यावरच गेले."

"हो. आणि इथे हे एका माणसाला ठाऊक होतं." वकील मॅनेजरकडे वळला. "स्वतःच्या जिवासाठी तुम्ही बरोबर दीड तास लावत होता. बाकीच्यांच्या बारा-बारा मिनिटांतून ती जास्तीची खेप निघत होती. म्हणून गप्प बसलात."

"मला कुणी विचारलं नाही," मॅनेजर म्हणाला.

साडूभाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी शिवी हासडली. वकिलाने अडवलं नाही.

भाऊ मटकन खाली बसला होता. "ताई, माझ्याच हातानं… मला माहीत नव्हतं गं."

"मला कळतंय रे. तुझी काही चूक नाही." तिने त्याला उठवलं, शर्टाची धूळ झटकली आणि दाराकडे निघाली. तिथे ती थांबली.

"पण सध्या घरी येऊ नकोस. तू पोरांना जेवायला वाढशील, आणि मी तुझी बोटंच बघत बसेन."