तळ्यावरची खोपटी

"अहो बाई, त्या दाराला हात नका लावू... कोर्टाचं आहे ते!"

मी दचकून मागे वळले. गोठलेल्या तळ्याच्या मधोमध, कानटोपीत भुवयांपर्यंत बुडालेला एक उंच माणूस हसत उभा होता.

"कोर्टाचं कसलं? ओर्विलमामाची खोपटी आहे ही. मी त्याची भाची, कॅरिन. एकटीच वारस."

"वारस व्हायच्या आहात अजून. हुकूम निघाला, की मग." त्यानं हातमोजा काढून हात पुढे केला. "मी निल्स, शेजारच्या खोपटीतला. तुमचा मामा माझ्या तोंडचे मासे पळवायचा!"

विस्कॉन्सिनमधली आमची माणसं हिवाळाभर अशीच... बर्फाला भोक पाडायचं, खोपटीत शेगडी पेटवायची आणि गळ टाकून बसायचं. गेलेल्या मामाची इस्टेट ती केवढी! जुना ट्रक, चार भांडी आणि ही खोपटी. एवढ्याशा इस्टेटीचं काम कोर्टात वकिलाशिवाय, एका बैठकीत उरकतं. मला तारीख मिळाली होती सोमवारची. पण तळ्यावरून खोपट्या काढायची मुदत रविवारी संपत होती, आणि बर्फ आत्ताच पायाखाली कुरकुरत होतं. हुकमाआधी मी कशालाच हात लावायचा नाही, असं कोर्टात बजावलेलं. मग काय, ती बुडताना बघत बसू? घरात आईबाबांची भांडणं पेटली, की लहानपणी मी इथेच मामाच्या कुशीत येऊन बसायची. ट्रक नको होता मला, भांडी नको होती. ही हवी होती. डोळे भरूनच आले.

"रडू नका हो... आधीच बर्फ वितळतंय," निल्स म्हणाला.

मेला! अशा वेळी हसवलंन मला.

"तुम्ही हलवायची नाही ना? मी हलवतो. मी कुठे वारस आहे?"

"चोरी होईल ती!"

"मग करतो चोरी. तुम्ही फक्त मागून ढकला."

शनिवारची सबंध दुपार तो दोर बांधून खोपटी बर्फावरून ओढत होता, मी ढकलत होते. दोनदा मी घसरले, दोनदा त्यानं सावरलं... दुसऱ्यांदा जरा जास्तच वेळ. काठावर पोचून थर्मासच्या एकाच झाकणातून आम्ही कॉफी प्यायलो. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, देव जाणे.

सोमवारी जजबाईंनी विचारलं, "सगळ्या वस्तू जागच्या जागी आहेत ना?"

मागच्या बाकावरून निल्स उठला. "खोपटी मी पळवली, बाईसाहेब. माझ्या अंगणात आहे."

"एकट्यानं?"

"एकट्यानं." कान मात्र लालबुंद!

जजबाई हसू दाबत माझ्या अजून न वाळलेल्या बुटांकडे बघत राहिल्या. मग हुकमावर सही केली. "घ्या, आता ती कॅरिनची. कुठे पोचवायची ते सांग गं, हा आजच्या आज पोचवेल."

कुठे सांगणार? मिलवॉकीला तिसऱ्या मजल्यावर माझी एक खोली. संध्याकाळच्या बसचं तिकीट पर्समध्ये. मी निल्सकडे पाहिलं. चेहरा पार उतरला होता त्याचा.

"राहू दे त्याच्याच अंगणात," मी म्हणाले. "मीच... येत जाईन."

"किती दिवस?" जजबाईंनी विचारलं.

"तो हाकलून देईपर्यंत."

निल्सनं मान वर केली. "मी? मी कशाला हाकलू?" भर कोर्टात ओरडला वेडा.

आता आमच्या गुडघ्यांना बर्फ सोसत नाही. हिवाळ्यात खिडकीशी बसून दोघं तळ्याकडे बघतो. अजून नाही हाकललंय त्यानं.