ये म्हणायचं राहिलं

वर्तकनगरच्या सोसायटीत भिवाजीराव घाडीगावकरांना मागून सगळे 'सेफ्टी' म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा विभागात एकतीस वर्षं काढलेला माणूस. गॅस बंद केलाय की नाही ते तीनदा बघणारा, शेजारच्या गल्लीत दूध आणायला जाताना हेल्मेट घालणारा. कारखान्याच्या फाटकावर 'अपघाताविना दिवस' असा फळा होता आणि त्यावरचा आकडा ते रोज सकाळी स्वतःच्या हाताने बदलत. निवृत्तीच्या दिवशी तो अकराशे चार होता. हे ते सांगायला लागले की त्यांची बायको मालनताई चहाचे कप उचलून आत निघून जात.

तर दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये मालनताईंचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तेव्हा भिवाजीराव हातपाय गाळून बसले नाहीत. त्यांनी माळ्यावरून पिवळ्याकाळ्या टेपचं रीळ काढलं, कारखान्यात धोक्याच्या जागेभोवती लावतात तसलं, आणि हॉलच्या फरशीवर मधोमध पट्टी मारली. पलीकडे आतली खोली मालनताईंची, अलीकडे स्वयंपाकघर त्यांचं. घराचं मुख्य दार पलीकडे गेलं, म्हणून सामान स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोरीला पिशवी बांधून वर यायला लागलं. बाथरूमच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला डकवल्या.

जेवणाचीही पद्धत ठरली. पट्टीच्या अलीकडे एक स्टूल. त्यावर ताटात पेजेची वाटी आणि लिंबाच्या लोणच्याची फोड. चमचा ताटावर दोनदा वाजवायचा, टण टण, आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घ्यायचं. मग मालनताईंनी यायचं आणि ताट उचलायचं. पहिल्या दिवशी त्या हसल्या, मला काय वाळीत टाकलंत म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मात्र हसल्या नाहीत.

"अहो, स्टूल जरा इकडे सरकवा ना. हात पुरत नाही, वाकलं की दम लागतो."

वीतभर सरकवायचं होतं. भिवाजीरावांनी दाराआडून सांगितलं, अंतर म्हणजे अंतर. रात्रभर ते स्वयंपाकघरात चटईवर बसून तिचा खोकला ऐकत राहिले. भीती मालनसाठी वाटत होती की स्वतःसाठी, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

चौथ्या दिवशी बोटाला लावायच्या यंत्रात आकडा ब्याऐंशीच्या वर जाईना. दुपारी सव्वाचारला अँब्युलन्स आली. प्लास्टिकच्या पोशाखातली दोन माणसं वर आली. भिवाजीराव स्वयंपाकघराच्या बंद दारामागे, खालच्या फटीत ओलं फडकं कोंबून उभे होते. मालनताई सपाता घासत उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि तिथून म्हणाल्या, "येते मी."

आपल्यात घरातून निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही. येते म्हणायचं, आणि मागे राहिलेल्याने ये म्हणायचं. चौतीस वर्षं, ती नुसती कोथिंबीर आणायला खाली उतरली तरी, भिवाजीरावांनी पेपरातून डोकं न काढता का होईना, ये म्हटलं होतं. त्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं नाही. बोलताना थुंकीचे बारीक कण हवेत सुटतात असं त्यांनी सकाळीच वाचलं होतं. सपाता बराच वेळ उंबऱ्यावर थांबल्या. मग जिना उतरल्या.

सहाव्या दिवशी हॉस्पिटलमधून फोन आला. भिवाजीराव घरात कोंडलेले, मुलगी समिधा कल्याणला, तीही तापाने अंथरुणावर. मालनताईंना शेवटचं कुणी पाहिलं नाही, महापालिकेच्या माणसांनी सगळं उरकलं. एका पिशवीत चष्मा, मोबाइल आणि सपाता परत आल्या. भिवाजीरावांनी ती पिशवी दोरीने वर ओढली, पण आत घेतली नाही. जंतू मरावेत म्हणून खिडकीबाहेर उन्हात टांगून ठेवली. फरशीवरची पट्टीही काढली नाही.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी ते कांदा चिरत होते. उंबऱ्यावरून आवाज आला, "येते मी."

घड्याळात सव्वाचार झाले होते. भिवाजीरावांनी सुरी खाली ठेवली, ताप मोजला, बोटाला यंत्र लावलं. सत्त्याण्णव पूर्णांक चार, अठ्ठ्याण्णव. दोन्ही आकडे वहीत लिहिले. म्हणजे ताप डोक्यात गेलेला नाही. शेजारच्या नीरजाबाईंचा टीव्ही म्हणावा, तर त्या पंधरा दिवसांपूर्वीच कुलूप लावून शहाडला आईकडे गेलेल्या. झोप कमी झाली की कान वाजतात, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी ते सव्वाचारच्या आधीच दाराच्या फटीला डोळा लावून बसले. समोर मुख्य दाराला, ती गेल्यावर त्यांनीच आतून लावलेली कडी तशीच होती. माणूस नाही, सावली नाही. पण तेवढ्या रिकाम्या जागेतून आवाज आला, आणि मागोमाग सपातांची थोडी चुळबुळ, उभं राहून पाय अवघडले की होते तशी. ते खिडकीकडे धावले. पिशवीची गाठ तशीच होती आणि सपाता आतच होत्या.

मग भिवाजीरावांनी उपाय केला. सव्वाचारला रिकामा मिक्सर चालू करायचा. पाच मिनिटं भांडं घरघरलं. बंद केल्यावर क्षणभर शांतता, आणि मग, "येते मी." ती मिक्सर थांबायची वाट बघत होती.

रोज आवाजाला आदल्या दिवसापेक्षा जास्त दम लागलेला असे.

समिधाचा फोन एरवी संध्याकाळी यायचा. त्या दिवशी ताप उतरला म्हणून तिने दुपारीच केला. औषधं, वाफ, तोंडाची चव, असं बोलणं चाललं असतानाच सव्वाचार झाले. उंबऱ्यावरचा आवाज झाला, आणि समिधा वाक्य अर्धं टाकून थांबली.

"बाबा," ती म्हणाली, "आई कुणाला येते म्हणतेय?"

भिवाजीरावांच्या तोंडून एकदम सगळं बाहेर पडलं, फडक्यासकट, थुंकीच्या कणांसकट, त्या वीतभर अंतरासकट. सांगताना ते हमसून हमसून रडले. समिधा चिडली असती तर बरं झालं असतं.

"ती ताटकळलीय," ती एवढंच म्हणाली. "म्हणा ना हो बाबा. एक शब्द तर आहे."

एकच शब्द, पण रात्रभर भिवाजीरावांना तो पुरला. जाऊन ये, हाही त्याचाच अर्थ आणि आत ये, हाही त्याचाच. सवयीने त्यांनी कागदावर दोन रकाने आखले. एकाच्या डोक्यावर 'धोका' लिहिलं, दुसऱ्याच्या डोक्यावर 'उपाय'. पहिल्यात लिहिलं, 'ये म्हटलं तर'. पुढे पेन चालेना. मालन परत यावी असं त्यांना फार वाटत होतं, आणि ती येईल याची भीती वाटत होती. त्यांना स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी चारला त्यांनी फटीतलं फडकं काढलं. मास्क काढून खुंटीला अडकवला. स्वयंपाकघराचं दार सताड उघडून उभे राहिले.

सव्वाचार झाले.

"येते मी." शब्द जेमतेम ऐकू आले.

भिवाजीराव खाकरले.

"ये, मालन. सांभाळून ये."

सपाता थोडा वेळ जागच्या जागी राहिल्या. मग जिना उतरल्या. एकेक पायरी करत, कठड्याला धरून उतरावं तशा.

भिवाजीरावांना किती दिवसांनी मोकळा श्वास आला. त्यांनी सवयीने दार लावून घेतलं आणि चटईवर आडवे झाले. अंग जरा कसकसत होतं. डोळा कधी लागला ते कळलं नाही.

जाग आली तेव्हा दिवेलागण झाली होती. घशात खवखव होती. उठून बसताना खोकला आला, कोरडा, आणि लवकर थांबेना.

बाहेर चमचा वाजला. टण टण.

सपाता मागे मागे गेल्या. आतल्या खोलीचं दार हळूच लागलं.

नियमाप्रमाणे भिवाजीराव थोडं थांबले. मग त्यांनी दार उघडलं.

स्टुलावर ताट होतं. पेजेतून वाफ येत होती, बाजूला लोणच्याची फोड होती. स्टूल नेहमीच्या जागेपासून वीतभर त्यांच्याकडे सरकवलेलं होतं. न वाकता हात पुरत होता.