खाली मोकळं?

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी सोडून द्यावी, माझी काही हरकत नाही. मला स्वतःला असल्या गोष्टींचं हसू यायचं. माझी लेक भुताखेतांच्या अनुभवांचं हे पान रोज वाचते, आणि मी तिला म्हणायचे, "अगं, झोप येत नसेल तर अभ्यास तरी कर." आता तीच मागे लागली, आई, तू लिही, जरा हलकं वाटेल.

बघू.

असलं काही मध्यरात्री, ओसाड रस्त्यावर वगैरे घडतं असं मलाही वाटायचं. आमच्याकडे पहिल्यांदा घडलं ते रविवारी, भर दुपारी, घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये. दार सताड उघडं होतं. समोरच्या घरातल्या बाई कपडे वाळत घालत होत्या.

आमच्या यांच्याकडे सासऱ्यांची जुनी गाडी आहे. मी तिला म्हातारी म्हणते. माझ्या लग्नाच्या आधीपासूनची सवत. सुट्टी आली की हे जॅक लावायचे आणि तिच्या पोटाखाली शिरायचे, बाहेर नुसते दोन पाय. ते पाय बघून माझा जीव टांगणीला लागायचा. एकदा जॅक थोडा कलला. झालं काही नाही, पण त्या दिवशी मी ठणकावून सांगितलं, "एक तर नीट लिफ्ट बसवून घ्या, नाहीतर म्हातारीला भंगारात घाला."

म्हणजे लिफ्ट आली ती माझ्या हट्टाने. यांच्या जिवाला धोका नको म्हणून.

फिटर एका माणसाला घेऊन आला. फिटर म्हणजे बडबड्या गडी, काम करता करता शीळ घालणारा. लिफ्ट दोन खांबांची. गाडीच्या दोन्ही बाजूंना एकेक खांब, खांबांना लोखंडी हात. ते हात गाडीखाली घालायचे, बटण दाबायचं, गाडी वर. खांब पक्के बसावेत म्हणून काँक्रीटला भोकं पाडून बोल्ट ठोकतात. त्याने खडूने खुणा केल्या. ड्रिल लावलं.

आणि ड्रिल... लोण्यात सुरी शिरावी तसं आत गेलं.

त्याची शीळ थांबली.

त्याने खाली बसून जमिनीवरचा रंग खरवडला. रंगाखाली गोल ठिगळ होतं. दुसरी खूण खरवडली, तिथेही तेच. मग तो एकेक खूण खरवडत गेला. प्रत्येक खुणेखाली बुजवलेलं भोक.

"वहिनी, इथे आधी लिफ्ट होती," तो म्हणाला. "अगदी ह्याच जागेवर. कुणीतरी काढलीये आणि वरून रंग मारलाय."

आम्हाला हे घर घेऊन फार वर्षं झाली नव्हती. यांनी लगेच आधीच्या मालकाला फोन लावला. "लिफ्ट? छे हो," ते म्हणाले. "आम्ही तिथे नुसती अडगळ टाकायचो." मग त्यांनी हळूच विचारलं, "का? तुम्ही बसवताय का?"

हे हो म्हणाले. तिकडून फोन ठेवला गेला.

"विसरले असतील," हे म्हणाले. आता मला सांगा, जमिनीत ठोकलेली एवढी मोठी लिफ्ट कोण विसरतं? पण तेव्हा मी गप्प बसले. बसायला नको होतं.

जुन्या भोकांत बोल्ट नीट धरत नाही, म्हणून खांब सरकवावे लागले. जागा मुळातच अरुंद. शेवटी मोटरचा खांब भिंतीकडे तोंड करून बसला. म्हणजे बटण भिंतीच्या बाजूला आणि गाडी खाली घ्यायची दांडीही भिंतीच्या बाजूला. दांडी धरणाऱ्याची पाठ गाडीकडे.

फिटरला ते काही आवडलं नाही. जाताना त्याने आम्हा दोघांना समोर उभं केलं.

"एकट्याने वापरायची नाही. एक जण दांडीपाशी, एक जण गाडीपाशी. खाली घेण्याआधी दांडीवाल्याने मोठ्याने विचारायचं, 'खाली मोकळं?' दुसऱ्याने मी जमिनीवर आखलेल्या ह्या पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर येऊन सांगायचं, 'मोकळं!' उत्तर आल्याशिवाय दांडीला हात लावायचा नाही. आम्ही सगळे असंच करतो. चेष्टा समजू नका."

"मी तर लग्नापासून हिच्याच आवाजावर चालतोय," हे म्हणाले. आम्ही हसलो.

सुरुवातीचे दिवस मजेत गेले. वर जाताना लिफ्टचे लॉक वाजायचे, टक... टक... टक... खाली येताना गाडी आधी जराशी वर उचलली जायची, लॉक सुटायचे, मग दांडी दाबली की सुस्स करत ती उतरायची. छत ठेंगणं असल्यामुळे गाडी माझ्या छातीएवढीच वर जायची. हे एका बुटक्या लाकडी स्टुलावर बसून खालून काम करायचे, तोंडाने गुणगुणत. मी खूश होते. जॅक गेला, माझा घोर गेला.

मग तो रविवार.

"चल गं, घेऊया खाली," यांनी हाक मारली. मी हात पुसत गेले, खांबापाशी उभी राहिले, तोंड भिंतीकडे.

"खाली मोकळं?"

"मोकळं!"

यांचाच आवाज. मागून, दाराच्या बाजूने. मी बटण दाबलं, गाडी जराशी वर गेली, लॉक सुटले. मी दांडीवर हात ठेवला...

आणि गाडीखालून गुणगुणणं ऐकू आलं.

मी वळून वाकून बघितलं. हे स्टुलावर बसले होते, डोकं बरोबर गाडीच्या पोटाखाली. ओठांत दोन स्क्रू धरलेले.

"अहो! तुम्ही मोकळं म्हणालात ना?"

यांनी स्क्रू हातात काढले. "अगं, तोंडात स्क्रू घेऊन बोलतोय कसा? हा शेवटचा तुकडा लावायचा राहिलाय."

दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. समोरच्या बाई अजून कपडे वाळत घालत होत्या.

यांनी मला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. भास झाला असेल म्हणाले. पण कान खोटं बोलत असले तर? म्हणून आम्ही नियम बदलला. आता आवाजावर भरवसा नाही. मी विचारायचं, आणि यांनी बाहेर येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवायचा. दोनदा थोपटायचं. मगच दांडी.

हात तर खोटा नसतो ना!

बरेच दिवस सगळं सुरळीत चाललं. मीही सैलावले. एका संध्याकाळी, दिवे नुकते लागले होते, यांचं काम उरकत आलं होतं, मी तशीच भिंतीकडे तोंड करून उभी.

"खाली मोकळं?"

खांद्यावर हात आला. एकदा थोपटलं. पुन्हा एकदा थोपटलं.

मी बटण दाबलं, लॉक सुटले, मग दांडी दाबली. सुस्स... गाडी उतरायला लागली. हात मात्र खांद्यावरून निघाला नाही. मला वाटलं, लाडात आलेत. मी म्हटलंसुद्धा, "पुरे की आता."

तेवढ्यात खालून किंकाळी आली.

"अगं थांब! थांब!"

मी दांडी सोडली. गाडी थांबली. हे स्टुलावरून घसरून जमिनीला चिकटले होते आणि नाकासमोर वीतभर अंतरावर म्हातारीचं पोट. कसेबसे सरपटत बाहेर आले. कोपर सोलवटलेलं, चेहरा पांढराफटक.

"विचारलं का नाहीस?" हे ओरडले. इतक्या वर्षांत माझ्यावर असे कधी ओरडले नव्हते.

"विचारलं! मोठ्याने विचारलं!"

"मला काही ऐकू आलं नाही गं."

मग यांची नजर माझ्या खांद्यावर गेली. माझ्या फिकट कुर्त्यावर काळ्या ग्रीसची बोटं उमटली होती. चार बोटं आणि एक अंगठा. यांनी आपले हात वर करून दाखवले. त्या दिवशी ग्रीसला हातच लावला नव्हता. हात कोरडे, स्वच्छ.

त्या रात्री मला रडू आवरेना. भीती वाटत होतीच, पण त्याहून वाईट म्हणजे दांडी माझ्या हातात होती. यांना काही झालं असतं तर ते माझ्या हातून झालं असतं. पोलिसांना काय सांगितलं असतं? लेकीला काय सांगितलं असतं?

सकाळी मी आधीच्या मालकांना फोन केला. मी माझं नाव सांगायच्या आत त्यांनी विचारलं...

"खाली कोण होतं?"

मी म्हटलं, "हे होते."

"वाचले?"

"हो."

तिकडून मोठा श्वास सोडल्याचा आवाज आला. "मग आजच्या आज काढून टाका," ते म्हणाले आणि फोन ठेवला. नंतर किती वेळा लावला. कुणी उचलला नाही.

फिटरला निरोप दिला, तो दुसऱ्या दिवशी येतो म्हणाला. गाडी अर्धवट उतरलेली, तशीच लटकत राहिली. तिला खाली घ्यायची आमची दोघांचीही छाती झाली नाही. मी स्वतः गॅरेजचा मेन स्विच बंद केला, दाराला कुलूप लावलं. यांचा तो बुटका स्टूलही घरात आणून स्वयंपाकघरात ठेवला. यांना पुन्हा तिथे बसायची इच्छाच होऊ नये म्हणून.

संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. हे समोर पेपर धरून, मी घास तोंडात घातलेला.

गॅरेजमधून आवाज आला...

"खाली मोकळं?"

माझा आवाज. अगदी माझा. शेवटचा सूर जरा वर चढवून, मी विचारते तसा.

आणि यांनी पेपरातून डोकं वर न काढता, सवयीने उत्तर दिलं, "मोकळं."

मग पेपर हळूहळू खाली आला. हे माझ्या तोंडाकडे बघत होते. माझं तोंड घासाने भरलेलं होतं.

भिंतीपलीकडे मोटर घरघरली. टक... लॉक सुटले. मग सुस्स... गाडी बराच वेळ उतरत राहिली. शेवटी लाकूड मोडल्याचा आवाज झाला.

आम्ही गॅरेजकडे गेलो नाही. आधी स्वयंपाकघरात बघितलं.

स्टूल जागेवर नव्हता.

दुसऱ्या दिवशी फिटर आला. कुलूप होतं तसंच होतं, मेन स्विच बंद. त्याने वीज सुरू करून गाडी उचलली आणि खाली वाकून बघितलं. हे नेहमी बसायचे बरोबर त्याच जागी स्टुलाचा चुरा पडला होता. दिवस मावळायच्या आत लिफ्ट काढली. शीळ एकदाही घातली नाही. म्हातारीलाही आम्ही देऊन टाकलं. सवत गेली, पण मला आनंद झाला नाही. यांनी त्या गॅरेजकडे बघून डोळे पुसले तेव्हा मलाही भरून आलं.

आता आमच्या घरात नवा नियम आहे. समोरच्याचं तोंड दिसल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. पूर्वी मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "चहा टाकू का?" आणि हे अंघोळ करता करता ओरडायचे, "टाक!" आता मी बाथरूमबाहेर उभी राहते. दार उघडेपर्यंत थांबते. हेही कुठे असले तरी आधी येऊन माझ्या तोंडाकडे बघतात, मगच बोलतात. लेक म्हणते, तुम्ही दोघं वेडे झालात. होऊ दे. हे जिवंत आहेत ना, तेवढं मला पुरे.

हा नियम आम्ही आजवर काटेकोर पाळलाय.

काल संध्याकाळी मी वरच्या खोलीत हेच लिहीत बसले होते. खिडकीतून हे दिसत होते, अंगणात झाडांना पाणी घालत होते. एकाएकी यांनी मान वळवली. गॅरेजच्या दाराकडे बघितलं. ओळखीचं हसले, मान डोलावली आणि काहीतरी बोलले.

मी पायऱ्या उतरून धावत सुटले.

"अहो, कुणाशी बोलत होतात?"

"अगं, तुझ्याशीच. आत्ता त्या दारात उभी होतीस ना? तोंड बघूनच बोललो." आणि मग माझ्या धापा, माझे अनवाणी पाय बघून यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. हातातली नळी तशीच वाहत राहिली.

"काय विचारलं मी?"

यांनी पुन्हा गॅरेजच्या दाराकडे बघितलं.

"अहो, मी काय विचारलं? आणि तुम्ही काय उत्तर दिलंत?"

कालपासून मी पुन्हा पुन्हा विचारतेय. हे सांगत नाहीत.